टचलाइन

पहाटे दोन खुंट्यांना सुतळी ताणून
मी रेघ मारतो.
चुन्यात पाणी किती, ते बोटांना ठाऊक.
मैदान जुन्या मिठागरातलं.
कोपऱ्याच्या झेंड्यापाशी अजून
चैत्रात जमिनीतून पांढरं फुटतं,
चुना कुठला नि मीठ कुठलं
ते जिभेला लावल्याशिवाय कळत नाही.

आधी आम्ही मिठागर बॉइज.
सात जणांना बूट, चौघे अनवाणी.
मग भाईशेट बांबर्डेकरांनी बॉल दिला,
मग जर्सी, मग मैदानाला कुंपण,
मग कुंपणाला कुलूप.
क्लब कुणी विकला नाही,
कुणी विकत घेतला असंही नाही.
एका मोसमात पावतीवर बांबर्डेकर स्पोर्टिंग आलं
आणि आम्ही सह्या केल्या.

त्यांची वेताची खुर्ची टेम्पोतून यायची,
मधल्या रेघेसमोर, अगदी आत.
पहिल्या दिवशी मी म्हटलं, शेट, जरा मागे?
ते हसले. "जानू, रेघ कोणाची ता सांग."
तेव्हापासून तिथं टचलाइन हातभर वाकायची,
व्हाळ धोंड्याला वळसा घालतो तशी.
सावंतवाडीचा एक रेफरी अडून बसला होता.
पुढच्या मॅचला रेफरी दुसरा.

माणूस वाईट नव्हता.
आग्नेल सोजच्या गुडघ्याचं
बांबोळीचं सगळं बिल त्यांनी भरलं
आणि त्याच गुडघ्यावर त्याला उतरवलं,
एकविसाव्या दिवशी, कुडाळविरुद्ध,
कारण पाहुणे आले होते.

ते गेल्यावर खुर्ची रिकामी यायची.
मुलगा फोंड्यातून फोनवर गोलकीपर बदलायचा.
मग त्याचंही मन उडालं.

शर्वाणीबाई आल्या त्या चालत, चपला हातात घेऊन.
खुर्ची गोदामात पाठवली.
म्हणाल्या, "जानूकाका, रेघ सरळ करा."

चार पायांचे चार खड्डे होते, गवत नसलेले.
तीन घमेली माती टाकली.
सुतळी ताणली, चुना सोडत निघालो,
आणि नेमका तिथं हात वाकला.
पुसलं. परत मारली. परत वाकला.
सव्वीस वर्षं, बाई, मनगटाला कसं सांगू?
तिसऱ्यांदा डोळे मिटून सरळ गेलो.
जुनी मात्र नीट पुसली गेली नाही.

संध्याकाळी मॅचमध्ये
बॉल त्या दोन रेघांच्या मध्ये गेला.
अर्धं मैदान ओरडलं, आउट!
अर्धं ओरडलं, खेळ रे!
रेफरीनं शिट्टी ओठात धरून
बाईंकडे पाहिलं.
बाईंनी माझ्याकडे.
माझ्या हातात रिकामी बादली.

आग्नेलचा पोरगा तोवर बॉल घेऊन
कोपऱ्यातल्या मिठापर्यंत
पोचला होता.