पाणवेशीपाशी

वेशीच्या दगडावर पुराच्या रेघा,
एकीवर एक, सालासकट.
सर्वांत वरची माझ्या डोक्याहून हातभर उंच.

गेर्नोट किल्ल्यांचा जुडगा वाजवत सांगतो:
बुरूज आधीचा,
लाकडी चौकटींची घरं मागाहूनची,
आणि थोरली घंटा युद्धात वितळवायला नेली,
ती नेलीच.
माना वर. फोटो.

मंडळी आइस्क्रीमकडे वळली
की तो जरा वाकतो.
कमरेच्या उंचीवर खडूची एक रेघ,
साल नाही, पूर नाही:
‘आनेग्रेट, वय चार’.

पावसानं पुसली की पुन्हा ओढतो.

ती आता ब्रेमेनच्या बंदरात क्रेन चालवते,
फोनवर विचारते, आहे का रे अजून?
तो म्हणतो, आहे.
शेजारून वेझर
तिच्याच दिशेनं चाललेली,
घाई नसल्यासारखी.