पहिले पाचशे

ओजारा मेस्त्री म्हणाला, चाळीसच्या वर नाही.
आणि एकाच वेगानंही नाही, झोप लागते इंजिनाला.
चढव, उतरव. चढावर गिअर पाड,
घुसमटू देऊ नकोस.
पाचशे होईतो मागं माणूस नाही, पोतं नाही.

हप्ता दर शुक्रवारी.

गुलू ते उन्यामा, उन्यामा ते गुलू,
रिकाम्या सीटवर लाल धूळ घेऊन फिरलो.
आमच्याच बोडा-स्टँडवरची पोरं भुर्रकन पुढं जायची,
कुणीतरी ओरडायचं,
“लाकोनी, मयताला निघालास का?”
आंब्याखाली थांबायचो. शेजारी उकिडवा बसायचो.
गार होताना आतून टिक्, टिक्,
मनातल्या मनात पैसे मोजणाऱ्याच्या जिभेसारखं.

तीनशे बाराला एकीनं हात केला, कडेवर मूल.
मी आरशात बघितलंच नाही.
ते अजून जात नाही डोक्यातून.

पाचशे तीन. ओजारानं खालचा नट सोडला.
तेल डब्यात पडलं, काळं,
आणि त्यात चांदीसारखा बारीक चुरा.
मी घाबरलो.
त्यानं तो दोन बोटांत चोळला, उन्हात धरला.
“आतली भांडणं,” म्हणाला. “मिटली.
लांब नेऊन ओत, विहिरीजवळ नको.”

पहिली सवारी म्हातारी लायेत, कोळशाच्या पोत्यासकट.
“हाण की रे, बाजार उठेल!”
मी मूठ पिळली.
मनगट लगेच ऐकेना.