मागचे तीन

रुस्तावीत, गाड्यांच्या बाजाराच्या पाठीमागे
आमचं पत्र्याचं गॅरेज.
झाझाची टॅक्सी सकाळी खोकतच आली.
सपाटीला ठीक, म्हणाला,
पण तिबिलिसीच्या चढाला लागली की आचके देते.

नुगझारकाका म्हणाला, आधी इंजिन निवू दे.
तापलेल्या डोक्यात पाना घालू नये,
ॲल्युमिनियमचे आटे प्लगबरोबर उपटून येतात.
मग आम्ही तिघं चहा पीत बसलो.
बॉनेट उघडं, आणि नोव्हेंबरचं आभाळ
पोलाद कारखान्याच्या चिमणीला टेकलेलं.

सहा सिलिंडर. तीन पुढे, तीन मागे.
पुढचे दारातच बसलेले असतात.
कॉइलचा बोल्ट काढायचा, हवेचा फवारा मारायचा
(नाहीतर वर्षांची धूळ सिलिंडरच्या घशात),
लांब सॉकेट आत, अर्धा वळसा,
कर्र,
की प्लग वर येतो, आतल्या रबराला धरून.
तिन्ही मी फडक्यावर मांडले.
टोकं बिस्किटी रंगाची, फट जेमतेम मिलिमीटरभर.
हे तर चांगले आहेत की, मी म्हटलं.
काका काही बोलला नाही. त्याने साखर ढवळली,
आधीच ढवळलेली.

मागचे तीन दिसत नाहीत.
इंजिन आणि केबिनची भिंत यांच्या बेचक्यात
आरसा धरला तर बॅटरीला जागा नाही,
बॅटरी धरली तर आरशाला.
मी गाल गार पत्र्याला लावला, डोळे मिटले,
हात सोडला खाली.
रबरी नळी. नळीखाली तार. तारेखाली एक कडा,
कडेपलीकडे कॉइलचं बोंड.
एतेरी, पोरी, काका मला ठेवताना म्हणाला होता,
तुझं मनगट म्हणजे अर्धा पगार.

सापडला, पण सुटेना.
दोनदा सॉकेट निसटलं, पेराचं साल गेलं,
तिसऱ्यांदा तो कण्हत निघाला.
चिनीमाती पिवळट, टोक झिजून गोल,
फट एवढी की नख जावं.
दुसराही तसाच.
तिसऱ्यावर कारखान्यातला रंगाचा ठिपका
अजून शाबूत होता.

झाझा फडक्यावर वाकला.
मी सहाचे पैसे दिले होते, म्हणाला.
आणि मग, हळू:
इथेच.

वही निळ्या पुठ्ठ्याची, तेलकट.
तीन वर्षांपूर्वीचा फेब्रुवारी. प्लग: सहा.
अक्षर लपेटदार, काकाचं.
त्या हिवाळ्यात त्याचा हात आखडला होता,
खांद्यापासून. सगळ्या गल्लीला ठाऊक होतं.

नवे तीन त्यानेच खोक्यातून काढले.
अस्तनी वर केली, बेचक्यात हात घातला,
कोपराशी अडला.
बराच वेळ तसाच उभा राहिला.
मग हात काढून रबरी नळीचा तुकडा मला दिला:
यात प्लग अडकव नि बोटांनी फिरव.
आटे चुकले तर नळी घसरते.
पाना हट्टाला पेटतो.

गाडी सुरू झाली, एकसारखी, जवळजवळ बिनआवाजाची.
झाझाने पाकीट काढलं, काकाने मान हलवली.
झाझाने ते परत ठेवलं,
आभार मात्र मानले नाहीत.

संध्याकाळी काका वही घेऊन बसला.
सहावर काट मारली, वर तीन लिहिलं.
मी शटर अर्धं ओढलं तरी तो उठेना.
पान मागे, पान पुढे.
त्या फेब्रुवारीत सहा सिलिंडरच्या
अकरा गाड्या आल्या होत्या.

तुझ्या फोनमध्ये पैसे आहेत का गं, त्याने विचारलं.