माणशी चाळीस

पतसंस्थेत माझं टेबल सोनेतारणाचं.
साडेदहाला खिडकी उघडते
आणि वेंगुर्ल्याचं सोनं रुमालांतून बाहेर येतं.
मी लिहिते: पाटल्या दोन, बोरमाळ एक, मणी चेपलेला,
कुड्यांची जोडी, एका मोत्याला चीर.
पेडणेकर सोनार कसोटीवर घासून आकडा सांगतात.
मी पिशवीला लाखेचं सील लावते.
सहा वर्षं झाली, बोटांचा वास जात नाही.

आता लग्न माझं. मे महिन्यात, शिरोड्याच्या हॉलवर.
कुडाळहून सासूबाईंचा फोन:
पाहुण्यांच्या हातात कायतरी सोनेरी देवया गो,
महाग नको, पण बरां दिसाक व्हया.
गौरांगने पाकिटाच्या पाठीवर हिशेब मांडला.
तीनशे वीस माणसं. माणशी चाळीस.

बाजारात सोनेरी मोर होता, पंचवीसला.
नखाने खरवडला तर आत पांढरं प्लास्टिक.
मखमली डबीत मुलामा दिलेली वाटी होती,
वाटीपेक्षा डबी जड.
मी सवयीने तळहातावर तोलून पाहिली, पालथी केली.
दुकानदार म्हणाला, ताई, भेटवस्तू उलटी करून बघत नाहीत.
मला पगार मिळतो तो उलटं करून बघण्याचाच.

रात्री यादी लिहायला बसले
तर नावांपुढे दुसरेच आकडे उभे.
सुलभा केळुसकर, खातं दोनशे चौदा,
बांगड्या चार, मुदत श्रावणात संपली.
हे मी घरातही बोलत नाही. नियम आहे.
त्या येतील, एक ग्रॅमवाली माळ घालून.
मी पाया पडेन.
आम्ही दोघी एकमेकींच्या गळ्याकडे बघणार नाही.

त्यांना काय द्यायचं सोनेरी?

रविवारी सावंतवाडी, चितारआळी.
वासंती चितारींच्या कातावर पांगाऱ्याचं लाकूड गरगरत होतं.
त्यांनी लाखेची कांडी टेकवली
आणि माझं टेबलच तिथे दरवळलं.
मग केवड्याची पात धरली, रंग चकाकला,
आणि हातात आला एक करंडा, लिंबाएवढा,
कापा फणसाच्या गऱ्यासारखा पिवळा.
झाकण काढलं, लावलं. पुन्हा काढलं.
इतकी लाख, आणि तरी उघडतंय.

सोनेरी नाही का होणार? मी विचारलं.
होतलो. पण सगळो सोनेरी केलंय तर पितळ दिसतला.
काठाक एक रेघ मारूया.

करंडा पस्तीस, रेघेचे तीन.
दोन रेघा मारल्या तर एकेचाळीस.
गौरांग म्हणाला, रुपयाने काय होतंय?
तीनशे वीस होतात, मी म्हटलं.
त्यांनी दोन्ही करून समोर ठेवले.
दोन रेघांचा नटून बसला होता, लग्नात आलेल्या आत्यासारखा.
एका रेघेच्याकडे लक्षच जात नव्हतं,
नंतर गेलं आणि तिथेच राहिलं.

उरले माणशी दोन.
त्यात आसोलीची सुरंगी बसली, सुकलेली,
प्रत्येक करंड्यात चार कळ्या.

सोमवारी एक नमुना टेबलावर होता.
पेडणेकरांनी उचलला. चष्मा कपाळावर,
काठावरच्या रेघेवरून अंगठा फिरवला,
दगड पुढे ओढला, मग स्वतःशीच हसले.
झाकण उघडून नाक आत घातलं.
खिडकीबाहेर रांग थांबली होती.

ह्येचे किती येतले?
कायच नाय, मी म्हटलं.
मगे बरां, म्हणाले,
आणि करंडा खिशात टाकला.