हजेरी

तेराव्याची भांडी निघायच्या आत आले ते, डबा घेऊन.
हौसाताईचं नाव असं घेतलं
जसं आम्ही कधी घेतलं नव्हतं.

मग गुरुवार. मग रोजच. मग हजेरीची वही.
उत्तरेश्वर पेठेतलं घर ‘सेवेत’,
आणि हौसाची झाली ‘निर्मोही’.
फोन दुसरंच कुणी उचलतं :
“त्या मौनात आहेत.”
ती, जी झोपेतसुद्धा बोलायची.

काल महाद्वारातनं आत गेलो,
अंबाबाईशी भांडलो,
हात न जोडता तसाच
घाटी दरवाज्यानं बाहेर.
कुणी अडवलं नाही.

चप्पल राहिली पलीकडं, रस्ता तापलेला.
वळसा घालून अनवाणी आलो, तर
चपला राखणारी म्हणाली,
“कुठनं बी ये रं,
दोन रुपये तेवढे सुट्टे दे.”