बुधवारचा हिशेब

दर तिमाहीला त्याचं पाकीट मीच चिकटवायचे.
रोलंड थ्वेट, टॅनरी लेन, क्लीथॉर्प्स.
एकवीस वर्षं. माणूस कधी पाहिला नाही,
पण त्याची पै न् पै माझ्या बोटांखालून गेली.

फिनलंडचा रेडिओ : चौदा पेन्स.
वुल्व्हरहॅम्प्टनचं एक सलून, ड्रायरच्या घरघरीत : तीन.
बोटीवरचा नाच, शुक्रवार रात्र : एक पौंड नऊ.
रॉयल्टी म्हणतात याला. राजाचा शब्द आहे तो,
आणि पाकिटाला तिकीट लागायचं त्याहून महाग.

चाललेलं गाणं एकच, ‘बुधवारपर्यंत थांब’.
बाकी एकशे बारा
माझ्या कपाटात नावानिशी पडून,
बारसं झालेली, पण कुणी हाक न मारलेली.

फाइल सांगते ते एवढं :
ग्रिम्सबीच्या गोदीत मासळीसाठी बर्फ फोडायचा पोरगा.
हात सुन्न, म्हणून संध्याकाळी चॅपलच्या पियानोवर
बोटं शेकायचा.
अठराव्या वर्षी लंडन. एका प्रकाशकाचं तळघर,
खिडकीतून दिसायचे ते फक्त बूट,
मधली एक पट्टी मुकी असलेला पियानो
आणि आठवड्याला नऊ पौंड.
सकाळी दहाला कार्ड टोचायचं,
सहाच्या आत कडवं द्यायचं.
शब्दांना आयव्हर केसेल. सिगारेट बशीत विझवायचा,
यमक सापडलं की तीच बशी बडवायचा.

चौसष्ट साली ‘बुधवार’ झालं. अकरा मिनिटांत, म्हणे.
(म्हणणारा आयव्हर.)
गायली डेल्फीन मार्लो, जिचं खरं नाव एडना स्टब्ज.
सात आठवडे दूधवाले, नर्सा, बस कंडक्टर
एकमेकांना थांबायला सांगत होते.

करार मी वाचलाय. पिवळा कागद, चहाचा डाग.
निम्मं प्रकाशकाचं.
उरल्याचं निम्मं आयव्हरचं.
त्यातून उरलेल्याचं निम्मं प्रकाशकाच्या मेव्हण्याचं,
कारण ध्वनिमुद्रणात टाळ्या त्याने वाजवल्या होत्या.
मी ही नुसती वजाबाकी सांगतेय,
रागाला आमच्याकडे रकाना नाही.

मग गिटारवाली पोरं आली,
आपलं दुःख आपणच लिहिणारी.
तळघरात शर्टांचं दुकान निघालं.
थ्वेटने कुत्र्यांच्या बिस्किटांवर चार ओळींची चाल बांधली,
तिचे पैसे मात्र वेळेवर आले.
पुढे क्लीथॉर्प्स, दातांच्या डॉक्टरच्या मुलींना पियानोचे धडे,
आणि माझी पाकिटं.

एकदाच त्याचं पत्र आलं. निळी शाई, तिरकं अक्षर.
आम्ही चुकून छापलं होतं, ‘गुरुवारपर्यंत थांब’.

‘मॅडम, पेन्सचं काही नाही.
पण गुरुवारी दुकानं सहापर्यंत उघडी असत.
बुधवारी एकला शटर पडायचं.
आई लोकरीच्या दुकानात कामाला. आठवड्यातून तेवढ्या दिवशी
ती उजेडात घरी यायची.
मी सहा वर्षांचा. रडलो की शेजारची मिसेस गॉन्ट म्हणायची
तेच शब्द चालीवर आले.
मुलगी आयव्हरने घातली, चुंबनही त्याचंच.
वार तेवढा माझा आहे.
कृपया दुरुस्त करावा.’

केला.
त्यानंतर सुपरमार्केटात, दही आणि चीजच्या मध्ये,
एडना स्टब्जचा आवाज छतातून गळायला लागला
की मला प्रियकर-बियकर दिसेना.
दिसायची एक बाई, बाहीला लोकरीचे धागे,
दुपारच्या उन्हात भराभर चालत येणारी.

या तिमाहीचं पाकीट परत आलं.
चार पौंड अकरा. वर शिक्का : या पत्त्यावर राहत नाहीत.
नियमानुसार रक्कम अनामत खात्यात.
वारस : रेघ.
आयव्हर केसेल : मृत. मेव्हणा : हयात,
त्याचं पाकीट पोचलं.

आज नॉर्वेहून सहा पेन्स आले.
जमा करून घेतले.