पुढचा नव्वदला

रबाळ्यात, एमआयडीसीचा रस्ता
जिथं नाल्याकडेला उगाच एक वळण घेतो,
युनूस मिस्त्रीनं माझी सीट उचलून भिंतीला टेकवली.
छोट्या हत्तीचं इंजिन सीटखालीच असतं.
सहा वर्षं मी त्याच्यावर बसून
घणसोली ते कोपरखैरणे पाण्याचे जार वाटतोय,
आणि आज पहिल्यांदा त्याचं तोंड बघतोय.

"टायमिंग पट्टा कधी बदललेला?"
मी म्हटलं, गाडी सेकंडहँड आहे.
"मी तारीख विचारली. कारण नाही."

एक बोल्ट गंजलेला, त्याला डिझेल पाजलं.
कव्हर निघालं. आतून, काळ्या प्लास्टिकवर
पांढऱ्या मार्करचं गोलमटोल अक्षर:
४२,३०० ला बदलला. पुढचा नव्वदला.
विसरू नको अनंता.

मीटरवर एक लाख चार हजार.

अनंता कोण, मला माहीत नाही.
कळंबोलीच्या दलालानं चावी दिली तेव्हा
आरशाला एक सुकलेलं लिंबू होतं, तेवढीच ओळख.

पट्टा वरून ठणठणीत.
युनूसनं उलटा वाकवला तेव्हा दातांच्या मुळाशी
भेगा दिसल्या, टाचेला पडतात तशा.
"हा सांगून जात नाही," तो म्हणाला.
"वरून व्हॉल्व्ह उतरतो, खालून पिस्टन चढतो.
त्यांची भेट व्हायची नसते. ती होते."
आणि दोन मुठी एकमेकींवर आपटल्या.
आवाज फारसा झाला नाही.
मला महापेचा उतार आठवला, मागे साठ भरलेले जार.

मग जुना टेन्शनर माझ्या तळहातावर ठेवला. फिरव.
भिंगरीसारखा फिरला, आत वाळू चावल्यासारखं काहीतरी.
मी म्हटलं, छान मोकळा आहे की.
"मोकळा फिरतो तो मेलेला."
नव्याला बोट लावलं. तो जरा अडला,
नको नको म्हणत मुकाट फिरला.
जो तो सांगतो, टेन्शन घेऊ नको.
इथं एकानं घेतलं म्हणून बाकीचे चालतात.

खुणा करायला रिहानानं कंपासपेटीतला व्हाइटनर दिला.
दहावीची पोर, टायरवर बसून प्रमेयं घोकत होती.
एक ठिपका वरच्या चाकावर, एक खालच्या.
पट्टा चढला. तिनं वहीतून मान वर केली.
"अब्बा, एक दात पुढं गेलाय."
गेला होता.
युनूसनं काही न बोलता पट्टा उतरवला, पुन्हा चढवला.

चावी लावायच्या आधी, पान्यानं, हातानं, दोन पूर्ण फेरे.
ठिपके गेले, कुठंतरी आत फिरले,
परत आपापल्या खुणेसमोर येऊन उभे राहिले.
तोवर आम्ही तिघंही गप्प.

बिल म्हणजे पाच दिवसांचे जार.
कव्हर बसवण्याआधी मी व्हाइटनर मागितला.
१,०४,००० ला बदलला, लिहिलं. पुढचा दीड लाखाला.
खाली माझं नाव लिहिणार, इतक्यात रिहाना म्हणाली,
"काका, थोडाच उरलाय, सोमवारी पेपर आहे माझा."

मग नुसता एक बाण काढला, वर,
अनंताच्या 'विसरू नको'पर्यंत.

सीट खाली ठेवली. गरम होती.
सेक्टर नऊमधून तिसऱ्यांदा फोन वाजत होता,
जार कुठं अडकले म्हणून.